रेषा अक्षांना कुठे छेदते? आंतरछेद काढायची रीत आणि त्यातल्या नेहमीच्या चुका

आलेख कागदावर सरळ रेषा काढली की ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी अक्ष ओलांडते, एकदा आडवा आणि एकदा उभा. ही ठिकाणं आरंभबिंदूपासून (दोन अक्ष एकमेकांना भेटतात त्या बिंदूपासून) किती दूर आणि कोणत्या बाजूला आहेत ते सांगणाऱ्या दोन संख्या म्हणजे त्या रेषेचे आंतरछेद. क्लासमध्ये आणि कॉलेजात सगळे ‘इंटरसेप्ट’ म्हणतात, तेच हे. पुस्तकात चलांसाठी एक्स आणि वाय छापलेले असतात. इथे त्यांच्या जागी जुन्या मराठी पुस्तकांतले क्ष आणि य घेतले आहेत.

रीत एका ओळीत मावते. क्ष-आंतरछेद हवा असेल तर य च्या जागी ० ठेवा, य-आंतरछेद हवा असेल तर क्ष च्या जागी ० ठेवा. बस्स. तरीही उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त गुण जातात ते याच ओळीपायी. नाव क्ष चं आणि शून्य मात्र य ला, हे मनाला उलटं वाटतं. पाठ केलेलं ऐन परीक्षेत नेमकं फिरून आठवतं. म्हणून ही ओळ पाठ करूच नये. अक्ष म्हणजे काय ते एकदा नीट पाहिलं की ती आपोआप येते.

आलेख कागदावर अक्ष काढा, आडव्या अक्षावर आरंभबिंदूपाशी बोट ठेवा आणि अक्ष न सोडता उजवीकडे सरकवत जा. बोटाखालून कोणते बिंदू जातात? (१, ०), (२, ०), (३, ०). मधले (१.५, ०) वगैरेही. डावीकडे गेलात तर (−१, ०), (−२, ०). क्ष सारखा बदलतोय, पण बोट वरही गेलं नाही आणि खालीही आलं नाही, म्हणून य शून्यावरून हललेला नाही. ‘आडव्या अक्षावर असणं’ आणि ‘य शून्य असणं’ ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. क्ष-अक्षाला स्वतःचं समीकरण आहे आणि ते य = ० असं आहे. तसंच उभ्या अक्षाचं समीकरण क्ष = ०.

आता रेषा क्ष-अक्षाला कुठे छेदते, हा प्रश्न प्रत्यक्षात दोन समीकरणांचा झाला. एक आपल्या रेषेचं, दुसरं य = ०. दोन्ही एकाच वेळी खरी ठरवणारी जोडी शोधायची. म्हणजे दहावीच्या बीजगणितात पहिल्याच प्रकरणात येणारी एकसामयिक समीकरणंच ही, फक्त दुसरं समीकरण इतकं सोपं की ते लिहायचं राहून जातं. ‘शून्य ठेवा’ ही युक्ती नव्हे. आपण दुसरं समीकरण पहिल्यात भरत असतो.

एक समीकरण सावकाश

२क्ष + ३य = १२ घेऊ.

क्ष-आंतरछेदासाठी य = ० :
२क्ष + ३ × ० = १२
२क्ष = १२
क्ष = ६

य-आंतरछेदासाठी क्ष = ० :
२ × ० + ३य = १२
३य = १२
य = ४

क्ष-आंतरछेद ६, य-आंतरछेद ४. रेषा अक्षांना (६, ०) आणि (०, ४) या बिंदूंत छेदते. ‘आंतरछेद लिहा’ म्हटलं तर संख्या लिहायची. ‘छेदनबिंदूंचे निर्देशक लिहा’ म्हटलं तर कंसातली जोडी लिहायची, आणि तिच्यात क्ष नेहमी आधी. (०, ६) लिहिलं तर तो बिंदू उभ्या अक्षावर सहा घरं वर जाऊन बसतो आणि रेषा भलतीच येते.

हाताशी बोट असेल तर हेच काम आणखी झटपट होतं. समीकरणातलं ३य हे पद बोटाने झाका. उरलं २क्ष = १२, म्हणजे क्ष = ६. आता बोट उचलून २क्ष झाका. उरलं ३य = १२, म्हणजे य = ४. शून्याने गुणलेलं पद नाहीसंच होतं, म्हणून झाकणं आणि शून्य ठेवणं सारखंच. मुलांना ही रीत आवडते आणि ती बरोबरही आहे. पण ती तीन ठिकाणी दगा देते, आणि ती तिन्ही ठिकाणं माहीत असल्याशिवाय ती वापरू नये.

पहिलं ठिकाण चिन्हाचं. ३क्ष − ४य = १२ मध्ये ३क्ष झाकलं की खाली उरतं − ४य = १२. बोट जरा जाड असेल, किंवा घाई असेल, तर ३क्ष च्या लगतचं वजाचं चिन्हही झाकलं जातं आणि डोळ्यांना दिसतं ४य = १२. उत्तर येतं ३. खरं उत्तर −३. वजाचं चिन्ह मागच्या पदाचं नसतं, पुढच्या पदाचं असतं. झाकताना ते उघडं राहिलंच पाहिजे. या रेषेचे आंतरछेद ४ आणि −३, बिंदू (४, ०) आणि (०, −३). रेषा आरंभबिंदूच्या खालून जाते.

दुसरं ठिकाण बरोबरच्या चिन्हापलीकडे शून्य असलेलं समीकरण. २क्ष − ५य + १० = ० मध्ये चिन्हासकट −५य झाकलं की उरतं २क्ष + १० = ०, म्हणजे क्ष = −५. इथे सवयीने १० ला २ ने भागून ५ लिहिणारे बरेच. २क्ष झाकलं की −५य + १० = ०, म्हणजे य = २. ज्याला चिन्हांची धास्ती वाटते त्याने आधी स्थिरपद (क्ष किंवा य नसलेली संख्या, इथे १०) उजवीकडे नेऊन २क्ष − ५य = −१० असं लिहून घ्यावं. एक ओळ जास्त जाते, पण गुण जात नाहीत.

तिसरं ठिकाण कंसांचं, आणि हे भल्याभल्यांना चकवतं. २(क्ष − १) + ३(य + २) = १६ हे समीकरण पाहा. कंसासकट ३(य + २) झाकलं तर आपण शून्य कोणाला केलं? य ला नाही, य + २ ला. म्हणजे नकळत य = −२ धरलं आणि रेषा क्ष-अक्षाऐवजी त्याच्या दोन घरं खालच्या आडव्या रेषेला कुठे छेदते ते काढलं. कंस आधी सोडवा:

२क्ष − २ + ३य + ६ = १६
२क्ष + ३य = १२

ही तर वरचीच रेषा निघाली. आंतरछेद ६ आणि ४. कंस झाकून काढलं असतं तर क्ष = ९ आलं असतं.

दोन बिंदूंवरून रेषा काढताना

आंतरछेद काढायचं सगळ्यात रोजचं कारण म्हणजे आलेख काढणं. रेषा काढायला दोन बिंदू पुरतात आणि हे दोन बिंदू सगळ्यात कमी आकडेमोडीत मिळतात. शिवाय दोन्ही अक्षावरच असल्यामुळे कागदावर घरं मोजताना चुकायची शक्यता कमी. २क्ष + ३य = १२ साठी दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक हे प्रमाण घ्या, ते कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लिहा, (६, ०) आणि (०, ४) नोंदवा, पट्टी लावा. रेषा बिंदूंपाशी थांबवायची नाही. दोन्ही टोकांना पुढे न्यायची आणि बाण काढायचे, कारण रेषा दोन्हीकडे अमर्याद असते.

पट्टी लावण्याआधी तिसरा बिंदू मात्र काढाच. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, ते बिंदू चुकीचे असले तरी. चूक उघडी पडते ती तिसऱ्या बिंदूवर. तिसरा बिंदू काढायला नवी आकडेमोड लागत नाही: दोन्ही आंतरछेद निम्मे करा. ६ चे ३, ४ चे २, बिंदू (३, २). हा दोन छेदनबिंदूंच्या बरोबर मधला बिंदू, म्हणून रेषेवर असलाच पाहिजे. समीकरणात घालून पाहा: २ × ३ + ३ × २ = १२. जमलं. हा ताळा मूळ समीकरणात घालून पाहण्यात खरा अर्थ आहे. कागदावर मधला बिंदू पट्टीखाली येतो एवढ्यावर समाधान मानलं तर आंतरछेद चुकलेला असला तरी तो येणारच, कारण तो चुकलेल्या आकड्यांवरूनच काढलेला असतो.

कधीकधी आंतरछेद बरोबर असूनही ते रेषा काढायला वापरू नयेत. क्ष − य = १ या रेषेचे छेदनबिंदू (१, ०) आणि (०, −१). एक सेमीच्या प्रमाणावर दोघांत जेमतेम १.४ सेमी अंतर. पेन्सिलचं टोक बोथट असेल आणि एक बिंदू रेषेच्या बाजूला अर्धा मिलिमीटर सरकला, तर पहिल्या बिंदूपासून १० सेमीवर रेषा साडेतीन मिलिमीटरहून जास्त सरकलेली असते. मिलिमीटरच्या कागदावर ही चूक ठळक दिसते आणि दोन रेषांचा छेदनबिंदू वाचायचा असेल तर उत्तरच बदलतं. अशा वेळी (६, ५) आणि (−४, −५) असे लांबचे बिंदू घ्यावेत. बिंदू जितके दूर, तितकी रेषा खात्रीची.

अपूर्णांकांचंही तसंच. ३क्ष + ५य = ७ चे आंतरछेद ७/३ आणि ७/५. १.४ हा कागदावर चौदावा मिलिमीटर, तो सापडतो. पण २.३३३... कुठे ठेवणार? आंतरछेद विचारले असतील तर ७/३ असंच लिहा, २.३ लिहून अर्धवट करू नका. आलेख काढायला मात्र पूर्णांक असलेले बिंदू शोधा. क्ष = −१ घेतला तर य = २, क्ष = ४ घेतला तर य = −१. हे दोन बिंदू एकमेकांपासून पुरेसे दूर आहेत आणि कागदाच्या चौकटीवर नेमके बसतात.

जिथे दोन आंतरछेद मिळतच नाहीत

२क्ष + ३य = ० मध्ये क्ष = ० घाला, य = ०. य = ० घाला, क्ष = ०. दोन्ही वेळा शून्य आलं म्हणून काहीतरी चुकलं असं वाटून मुलं खोडतात. चुकलेलं काही नसतं. स्थिरपद शून्य असलेली रेषा आरंभबिंदूतून जाते आणि दोन्ही अक्षांना तिथेच छेदते. आंतरछेद दोन्ही ०, पण बिंदू एकच, (०, ०). रेषा काढायला दुसरा बिंदू स्वतंत्र शोधावा लागतो. सहगुणकांची, म्हणजे क्ष आणि य च्या आधीच्या संख्यांची, अदलाबदल करून एकाचं चिन्ह बदललं की तो लगेच मिळतो: (३, −२).

क्ष = ३ ही उभी रेषा. ती आडव्या अक्षाला (३, ०) मध्ये छेदते आणि उभ्या अक्षाला समांतर असल्याने त्याला कधीच भेटत नाही. य-आंतरछेद ‘० आहे’ असं लिहू नका, ‘नाही’ असं लिहा. शून्य आंतरछेद म्हणजे रेषा आरंभबिंदूतून जाते. आंतरछेद नसणं म्हणजे ती त्या अक्षाला छेदतच नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. य = −२ साठी हेच उलट्या बाजूने.

चढ आणि आंतरछेद यांचं नातं

समीकरण य = मक्ष + क या रूपात असेल तर य-आंतरछेद काढावाच लागत नाही, क हाच तो. म हा रेषेचा चढ, म्हणजे क्ष एकाने वाढला की य कितीने बदलतो तो आकडा. क्ष-आंतरछेद मात्र काढावा लागतो: ० = मक्ष + क, म्हणून क्ष = −क/म. य = ३क्ष − ६ चा य-आंतरछेद −६ आणि क्ष-आंतरछेद २. पण हे रूप नीट ओळखा. २य = ३क्ष − ६ मध्ये य एकटा नाही. तिथे −६ हा आंतरछेद नव्हे. २ ने भागल्यावर −३ येतो, तो आंतरछेद. घाईत उजवीकडचा शेवटचा आकडा उचलून लिहायची चूक इथे फार होते.

उलट, दोन आंतरछेद माहीत असतील तर चढ काढता येतो: य-आंतरछेद भागिले क्ष-आंतरछेद, आणि पुढे वजाचं चिन्ह. २क्ष + ३य = १२ साठी −४/६, म्हणजे −२/३. ३क्ष − ४य = १२ साठी −(−३)/४, म्हणजे ३/४. यातून चिन्हांचा एक फुकटचा ताळा मिळतो. दोन्ही आंतरछेद एकाच चिन्हाचे असतील तर रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, चिन्हं वेगळी असतील तर चढते. समीकरण य = ३क्ष − ६ असं स्पष्ट चढणारं असताना दोन्ही आंतरछेद धन आले असतील तर कुठेतरी वजा सुटला आहे, पुढे जाऊ नका.

अकरावीत भेटणारं ‘डबल इंटरसेप्ट फॉर्म’ हे याच गोष्टीचं नेटकं रूप. २क्ष + ३य = १२ ला दोन्ही बाजूंनी १२ ने भागा:

क्ष/६ + य/४ = १

छेदात आंतरछेदच येऊन बसले. उजवीकडे नेमका १ आणि मध्ये अधिकचं चिन्ह हवं. ३क्ष − ४य = १२ चं रूप क्ष/४ + य/(−३) = १ असं लिहायचं, वजा छेदात न्यायचा. आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेला हे रूप नाहीच, कारण उजवीकडच्या शून्याने भागता येत नाही. रेषा आणि दोन अक्ष मिळून होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारलं तर हे दोन छेद म्हणजे काटकोनाच्या दोन बाजू: पहिल्या रेषेसाठी ½ × ६ × ४ = १२ चौरस एकक. लांबी ऋण नसते, म्हणून इथे चिन्ह सोडून द्यायचं. आंतरछेद सांगताना मात्र ते ठेवायचंच.

समीकरण न देता कोष्टक दिलं असेल तर? समजा क्ष च्या २, ३, ४, ५ या किमतींना य अनुक्रमे ७, ५, ३, १ आहे. क्ष एकाने वाढला की य दोनाने कमी होतो. डावीकडे मागे या: क्ष १ ला ९, क्ष ० ला ११. य-आंतरछेद ११. उजवीकडे पुढे जा: क्ष ६ ला य होतो −१. म्हणजे ५ आणि ६ यांच्या मध्ये य ने शून्य ओलांडलं, आणि १ व −१ यांच्या बरोबर मध्ये ० आहे, म्हणून क्ष-आंतरछेद ५.५. सूत्र न लावता निघालं, कारण सरळ रेषेत पावलं सारखी असतात.

आंतरछेद काय सांगतो

गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरलेली आहे आणि मिनिटाला २० लिटर पाणी जातंय. क्ष मिनिटांनी उरलेलं पाणी य = १००० − २०क्ष. य-आंतरछेद १०००, म्हणजे सुरुवातीला किती होतं. क्ष-आंतरछेद ५०, म्हणजे टाकी कितव्या मिनिटाला रिकामी होईल. उभ्या अक्षावरचा आंतरछेद सुरुवात सांगतो, आडव्यावरचा ‘संपलं कधी’ ते सांगतो. व्यवहारातल्या बहुतेक गणितांत अर्थ असाच लागतो. पण सगळ्यांत नाही, आणि रिक्षाचं भाडं हे त्याचं फार चांगलं उदाहरण आहे.

मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये असा दर लागू झाला. क्ष म्हणजे किलोमीटर आणि य म्हणजे भाडं धरून आलेखाचा य-आंतरछेद किती, असं विचारलं की उत्तर येतं २६. रात्रीचा जादा आकार आणि थांबण्याचे पैसे बाजूला ठेवून दीड किलोमीटरच्या पुढचं समीकरण लिहू:

य = २६ + १७.१४(क्ष − १.५)
य = १७.१४क्ष + ०.२९

पुन्हा तोच कंस! २६ हा क्ष = १.५ असतानाचा य आहे, क्ष = ० असतानाचा नाही. चढणारी रेषा मागे उभ्या अक्षापर्यंत वाढवली तर ती २९ पैशांवर टेकते, म्हणजे जवळजवळ आरंभबिंदूतच. कारण १७.१४ ला दीडने गुणलं की २५.७१ येतात, आणि किमान भाडं म्हणजे तेच, रुपयात पूर्ण केलेलं. त्याच दिवसापासूनच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या ३१ रुपये आणि २०.६६ रुपयांचा हिशोब केला तर आंतरछेद फक्त एक पैसा निघतो. २६ किंवा ३१ म्हणजे गाडीत बसल्याबद्दलचा वेगळा आकार असं अनेकांना वाटतं. आंतरछेद सांगतो की तसं नाही. तो दीड किलोमीटरचाच पैसा आहे, फक्त दीडच्या आत उतरलात तरी पूर्ण द्यावा लागतो. प्रत्यक्ष आलेख दीड किलोमीटरपर्यंत २६ वर सपाट जातो आणि मग वळून चढतो. तो एक रेषा नाही, दोन तुकडे आहेत, आणि कोणत्या तुकड्याचा आंतरछेद काढतोय ते आधी ठरवायला हवं.

विज्ञानात आंतरछेद कधीकधी मोजता न येणारी गोष्ट दाखवतो. दाब तोच ठेवून वायू तापवला की त्याचं आकारमान सरळ रेषेत वाढतं. ० अंश सेल्सिअसला २७३ मिलिलिटर वायू घेतला तर दर अंशाला साधारण १ मिलिलिटर वाढतो. क्ष तापमान आणि य आकारमान धरलं तर य = क्ष + २७३. मोजमापं ० ते १०० अंशांत घ्यायची आणि रेषा डावीकडे तुटकपणे वाढवत न्यायची. ती आडव्या अक्षाला −२७३ च्या आसपास छेदते. खरा वायू त्याआधीच द्रव होतो, तरी रेषा मात्र एका ठाम तापमानाकडे बोट दाखवते. हेच निरपेक्ष शून्य, म्हणजे तापमानाची सगळ्यात खालची हद्द, अचूक किंमत −२७३.१५ अंश सेल्सिअस. शास्त्रज्ञ केल्व्हिन यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानश्रेणीची कल्पना मांडली. त्याआधी १८०२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांच्या मोजमापात ० ते १०० अंशांत वायूचं आकारमान ३७.५ टक्क्यांनी वाढताना दिसलं होतं. आज आपण ३६.६ टक्के धरतो. फरक एक टक्क्याहूनही कमी, पण त्यांच्या आकड्यावरून काढलेला आंतरछेद −२६६.६७ येतो, साडेसहा अंश चुकलेला. क्ष − य = १ च्या रेषेला जे झालं तेच इथे. मोजलेले बिंदू शंभर अंशांच्या पट्ट्यात आणि आंतरछेद त्यांच्यापासून पावणेतीनशे अंश दूर. रेषा जितकी लांब ताणायची, तितकी बिंदूंमधली बारीक चूक फुगते.

प्रयोगवहीत आणखी एक खड्डा असतो. तापमानं ६० ते १०० च्या दरम्यान असली की आडवा अक्ष ६० पासून सुरू करतात, किंवा आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करून मधला भाग गाळतात. कागद वाचतो आणि आलेख मोठा दिसतो, त्यात गैर काही नाही. पण मग डावीकडची उभी रेष क्ष = ० नसून क्ष = ६० असते. आलेख तिला जिथे छेदतो तो आकडा य-आंतरछेद म्हणून लिहिला की निष्कर्ष पूर्ण चुकतो. अशा वेळी कागदावरून वाचूच नये. रेषेवरचे दोन लांबचे बिंदू घ्यावेत, चढ काढावा, आणि क्ष = ० घालून आकडेमोडीने आंतरछेद मिळवावा.

हात बसवायला

ही सहा समीकरणं वहीत सोडवा, मगच उत्तरं पाहा.

१) ५क्ष + २य = २०
२) क्ष − ३य + ६ = ०
३) य = ४क्ष − ६
४) ४(क्ष + १) − ३(य − २) = २२
५) ७क्ष = ३य
६) २य + ९ = ०

उत्तरं, आधी क्ष-आंतरछेद आणि मग य-आंतरछेद: पहिल्याचे ४ आणि १०. दुसऱ्याचे −६ आणि २. इथे ६ आणि −२ आले असतील तर स्थिरपद उजवीकडे नेताना चिन्ह बदललेलं नाही. तिसऱ्याचे १.५ आणि −६. चौथ्याचे ३ आणि −४, कारण कंस सोडवल्यावर ते ४क्ष − ३य = १२ होतं. क्ष-आंतरछेद ४.५ आला असेल तर य − २ हा अख्खा कंस शून्य केला गेला आहे, आणि य-आंतरछेद −१६/३ आला असेल तर क्ष + १ हा कंस. पाचव्याचे दोन्ही ०, आलेखासाठी दुसरा बिंदू (३, ७). सहाव्याला क्ष-आंतरछेद नाही, य-आंतरछेद −४.५. १ सेमीच्या प्रमाणावर आडव्या अक्षाच्या खाली ४५ मिलिमीटर मोजून आडवी रेषा काढा.